ला मांचाच्या पाणथळीतून पायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माद्रिदमध्ये राहते. घरी येणारे पाहुणे तोलेदो, सेगोविया उरकतात आणि वेगवान गाडीत बसून सेवियाला जातात. वाटेत खिडकीबाहेर तासभर पिवळा, सपाट मुलूख पळत असतो आणि त्या वेळात बहुतेकांची झोप होते. त्याच मुलखात, म्हणजे ला मांचात, मी सुट्ट्यांमध्ये चालायला जाते, हे कळलं की प्रश्न सुरू होतात. बरेचसे दरवेळी तेच असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवते आहे.

नेमका कुठला भाग म्हणतेस?

माद्रिदच्या दक्षिणेला साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर दाइमिएल नावाचं गाव आहे, थिउदाद रेआल प्रांतात. त्याच्या आसपास ग्वादियाना नदीचं वरचं खोरं पसरलंय. पश्चिमेला कालात्रावा आणि आलार्कोसचे किल्ले आहेत, दक्षिणेला आल्माग्रो आणि पूर्वेला पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर रुइदेराची तळी. या सगळ्याच्या मध्यावर 'लास ताब्लास दे दाइमिएल' हे राष्ट्रीय उद्यान. सगळा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे ते आठशे मीटर उंचीवर आहे, पण पठार इतकं सपाट की उंची जाणवत नाही. सह्याद्रीतल्या घाटवाटांची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी 'यात ट्रेक कसला?' असं वाटतं. वाटू द्या.

एवढ्या कोरड्या भागात पाणथळ आली कुठून?

जमीन सपाट असल्यामुळेच. नदीला उतार मिळाला नाही की ती पसरते. 'ताब्ला' म्हणजे फळी, पाट. आपल्या भाषेतही पाट म्हणजे बसायची फळी आणि पाट म्हणजे वाहतं पाणी, त्यामुळे हे नाव मला पहिल्याच दिवशी पटलं. इथे दोन नद्या भेटत. ग्वादियानाचं पाणी गोडं आणि बारमाही, तर हिग्वेलाचं मचूळ आणि हंगामी. गोड्या पाण्याच्या बाजूला नळाची, म्हणजे पाण्यातल्या उंच गवताची, बेटं वाढली आणि मचूळ पाण्याच्या कडेने झाऊची झाडं. दोन्हींच्या मध्ये 'मासिएगा' नावाचं करवतीच्या पात्यासारखं गवत माजलं. हे गवत हाताने ओढून पाहू नका. मी पाहिलंय. तळहातावर बारीक रेघ उमटते आणि ती दोन दिवस चुरचुरते.

मग तिथे पाणी असेल ना? फोटोत तर भेगा पडलेली जमीन दिसते.

हा प्रश्न विचारलात हे बरं झालं, कारण पाणी गृहीत धरून जाणारा माणूस हमखास हिरमुसून परततो. पाणी असेलही, नसेलही. काही वर्षी पाटापाटांत पाणी भरलेलं असतं आणि लाकडी पुलांखालून बदकं पोहत जातात. काही वर्षी त्याच पुलांखाली तडकलेला चिखल असतो.

कारण जमिनीच्या पोटात आहे. ग्वादियानाचं इथलं पाणी मुख्यतः भूजलाचं होतं. चुनखडीच्या थरांत भरलेला प्रचंड साठा 'ओहोस देल ग्वादियाना', म्हणजे 'ग्वादियानाचे डोळे', नावाच्या झऱ्यांतून वर उसळायचा आणि तिथून नदी पुन्हा सुरू व्हायची. 1956 साली नदीकाठची दलदल काढून शेती करण्याचा कायदा झाला. कालवे खणले गेले आणि पाणथळ आटवायला सुरुवात झाली. पुढे 1973 मध्ये उरलेला तुकडा राष्ट्रीय उद्यान म्हणून वाचवला, पण तोवर आजूबाजूला विहिरी आणि पंप आले होते. मका पिकू लागला, द्राक्षालाही ठिबक आलं. 1980 च्या दशकात ते डोळे मिटले. भूजलाच्या या साठ्याचं सरकारदरबारी नाव अगदीच रुक्ष आहे, 'जलधर क्रमांक 23'. मराठवाड्यात बोअर किती फुटांवर गेली याच्या गप्पा ऐकत वाढलेल्या माणसाला इथल्या बारमध्ये बसलं की परकं वाटत नाही. आकडे मीटरमध्ये असतात, कुरकुर तीच. बेकायदा विहिरींचा विषय निघाला की आवाज खाली येतात, हेही तसंच.

2009 च्या शरद ऋतूत कोरड्या पडलेल्या पाणथळीखालचं पीट पेटलं. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली कुजत साठलेल्या वनस्पतींचा थर. पाणी गेलं, हवा शिरली आणि जमीन आतल्या आत धुमसू लागली. वर ज्वाळा नाहीत, फटींतून नुसता धूर. शेवटी ताहो नदीचं पाणी वळवून आणलं गेलं. त्याच हिवाळ्यात सपाटून पाऊस झाला आणि पुढच्या काही वर्षांत भूजल इतकं वर आलं की आटलेल्या झऱ्यांच्या जागी पुन्हा पाणी दिसलं. नंतर पुन्हा ओढ बसली.

म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाच्या माहिती केंद्रात फोन करून एकच विचारा, 'आय आग्वा?' म्हणजे 'पाणी आहे का?' तिथल्या लोकांना या प्रश्नाची सवय आहे आणि ते खरं उत्तर देतात. 'नाही' म्हणाले तरी जा. फक्त मग पक्ष्यांसाठी दुसरीकडे वाकडी वाट करा, ती पुढे सांगते.

उद्यानात चालायचं किती?

फार नाही. माहिती केंद्रापासून पायवाटा फुटतात आणि त्यांना रंग दिलेले आहेत. पिवळी वाट 'इस्ला देल पान'ची, म्हणजे 'पावाच्या बेटा'ची. ती साधारण दोन किलोमीटरची. लाकडी पुलांवरून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात जात वळसा घालून परत येते. लाल वाट प्रादो आन्चोच्या मनोऱ्याकडे जाते, तिथून वरून सगळा पसारा दिसतो. निळी वाट कायमस्वरूपी पाणी राखलेल्या तळ्याकडे जाते. तिन्ही मिळून निवांत अर्धा दिवस लागतो. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

एकच करणार असाल तर पिवळी. घाई करू नका. मी एकदा नोव्हेंबरात सकाळी आठला पोचले होते. धुकं इतकं की पुलाचा पुढचा कठडा दिसत नव्हता. पाण्याचा आवाज नाही, वाऱ्याचाही नाही, फक्त नळाच्या आत कुणीतरी मोठं अंग हलवल्यासारखी खसखस. पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले. शेवटी जांभळी पाणकोंबडी बाहेर आली, लांब लाल बोटांत नळाचा कोंब धरून, भजी खाणाऱ्या माणसासारखी. एवढीशी ती. आवाजावरून मी रानडुक्कर धरून बसले होते.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल?

उद्यानातल्या वाटा सपाट आहेत, चढ जवळपास नाहीच. पुलांच्या फळ्या पहाटे दवाने निसरड्या होतात तेवढं सांभाळा. आलार्कोसची टेकडी आणि रुइदेराजवळची मोन्तेसिनोसची गुहा (दोन्ही पुढे येतील) मात्र त्यांना टाळायला सांगा.

पक्षी कोणते दिसतात?

उद्यानाचं मानचिन्ह मोठी लालसरी. नराचं डोकं पिकलेल्या संत्र्यासारखं, चोच लाल. भिगवणला हिवाळ्यात दुर्बीण लावलेल्यांनी ही पाहिली असेल. जात तीच, मात्र आपल्याकडे येणारे थवे मध्य आशियातून येतात. याशिवाय जांभळे बगळे, शेकाटे, तुरेवाल्या टिबुकल्या आणि नळाच्या शेंड्यांवरून तरंगत जाणारा दलदली भोवत्या दिसतात. ऑक्टोबरअखेर उत्तरेकडून क्रौंच उतरतात आणि फेब्रुवारीपर्यंत मुक्काम ठोकतात. संध्याकाळी रांगा धरून रात्रथाऱ्याकडे परततात तेव्हा आधी आवाज येतो, पक्षी नंतर दिसतात.

आता ती वाकडी वाट. दाइमिएल गावाबाहेर नावासेका नावाचं तळं आहे. 'सेका' म्हणजे कोरडी, आणि गंमत म्हणजे उद्यान कोरडं असतं तेव्हा हेच तळं भरलेलं असतं. कारण गावाचं सांडपाणी शुद्ध करून इथे सोडतात. थोडक्यात, सगळ्या गावाच्या मोऱ्यांचं पाणी. पक्ष्यांना त्याचं काही नाही. फ्लेमिंगो असतात, निळ्या चोचीचं पांढऱ्या डोक्याचं दुर्मीळ बदकही असतं. कडेने निरीक्षणाच्या लाकडी खोपी आहेत. दोन तासांत इथे जेवढं दिसतं तेवढं मला उद्यानात दोन दिवसांतही कधी कधी दिसलेलं नाही. वासाचं विचाराल तर वारा कुठून आहे त्यावर आहे.

'मोतिया' की 'मोतिल्या' काहीतरी आहे म्हणतात, ते काय?

'मोतिया देल आसुएर'. दाइमिएलपासून दहाएक किलोमीटरवर, आसुएर या ग्वादियानाच्या उपनदीकाठी. दुरून पाहिलं तर शेतातलं पांढुरकं टेकाड. बरीच वर्षं लोक त्याला टेकाडच समजत. 1974 पासून ग्रानादा विद्यापीठाने उत्खनन केलं तेव्हा आतून कांस्ययुगातला किल्ला निघाला. एकात एक दगडी भिंती, धान्याच्या कोठ्या, भट्ट्या. आणि सगळ्याच्या पोटात विहीर.

काळ साधारण इसवीसनपूर्व 2200 ते 1300. इबेरियन द्वीपकल्पातली ज्ञात असलेली सर्वांत जुनी विहीर हीच मानतात. इसवीसनपूर्व 2200 च्या सुमारास भूमध्यसागरी प्रदेशात मोठा, दीर्घ दुष्काळ पडला होता. नद्या आटल्या तेव्हा या लोकांनी जमीन खणली, पंधरा मीटरहून खोल, आणि मग त्या पाण्याभोवती तट बांधला. मला या प्रदेशातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. बाकी ठिकाणी किल्ले राजासाठी, खजिन्यासाठी. इथे विहिरीसाठी.

वरून पाहताना विहीर गोल नसून पायऱ्यापायऱ्यांनी अरुंद होत गेलेल्या नरसाळ्यासारखी दिसते. पाण्याची पातळी खाली गेली तसतसे ते लोकही मागे मागे खोल गेले. कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की थंड, ओल्या दगडाचा वास नाकात शिरतो. आमच्या गावच्या आडाचा यायचा तोच.

इथे आपापलं जाता येत नाही. आधी नोंदणी करून मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं आणि जागा लवकर भरतात. दाइमिएलच्या पर्यटन कार्यालयात विचारा. वेळ जुळली नाही तर गावातल्या संग्रहालयात मोतियाचं दालन आहे, तेही वाया जात नाही.

किल्ले बघायचे तर कुठला?

एकच निवडायचा तर कालात्रावा ला विएहा, कार्रियोन दे कालात्रावा गावाजवळ, ग्वादियानाच्या काठावर. आठव्या शतकात उमय्या या मुस्लिम राजघराण्याने वसवलेलं हे तटबंदीचं शहर. तीन बाजूंनी खंदक, एका बाजूला नदी, म्हणजे मनात आलं की शहराचं बेट. नदीत पुढे घुसवलेल्या बुरुजांवरून पाणी उचलून आत घेण्याची सोय होती. आपण जंजिरा पाहिलेला असतो, पण समुद्र आयता मिळणं वेगळं आणि सपाट रानात नदीला वळवून बेट करणं वेगळं.

1147 मध्ये कास्तियाचा राजा सातवा आल्फोन्सो याने ते जिंकलं आणि टेम्प्लर या लढवय्या ख्रिस्ती संप्रदायाच्या सरदारांच्या हाती दिलं. त्यांनी काही वर्षांत हात टेकले. मग जो कुणी राखायला तयार असेल त्याला हे ठाणं मिळेल असं जाहीर झालं. पुढे आला तो फितेरोच्या मठाचा अधिपती रायमुन्दो. त्यातून 1158 मध्ये कालात्रावाचा संप्रदाय जन्माला आला: भिक्षूंची शपथ घेतलेले लढवय्ये.

1195 च्या जुलैमध्ये आलार्कोसच्या लढाईत आल्मोहाद या मुस्लिम घराण्याच्या खलिफाने कास्तियाचा राजा आठवा आल्फोन्सो याचा सडकून पराभव केला आणि कालात्रावाही गेलं. 1212 मध्ये परत मिळालं, पण संप्रदायाने थोड्याच वर्षांत दक्षिणेला डोंगरावर नवा कालात्रावा बांधला आणि जुनं ओस पडलं. ओस पडलं म्हणूनच टिकलं. वर कुणी नवं शहर उभारलं नाही.

आलार्कोसची टेकडी थिउदाद रेआलच्या अगदी जवळ आहे. तिथे इबेरियन काळातल्या वस्तीचे अवशेष, अर्धवट राहिलेली तटबंदी आणि एक छोटं देऊळ आहे. वर उभं राहिलं की ग्वादियानाचं वळण आणि रणभूमी एका नजरेत येते. दोन्ही ठिकाणी दुपारी दार बंद असतं आणि सोमवारीही बहुधा. मी एकदा दीड तास गाडी चालवत जाऊन कुलूप पाहून आले आहे.

रुइदेराची तळी आणि डॉन किहोतेचा काय संबंध?

रुइदेरा म्हणजे एकाखाली एक अशी पंधराएक तळी, खोऱ्यात पंचवीसेक किलोमीटर ओळीने पसरलेली. पाण्यातला चुना हळूहळू साचून त्याचे बांध तयार झाले आणि प्रत्येक बांधाआड एक तळं अडलं. भरपूर पाऊस झालेल्या वर्षी वरच्या तळ्याचं पाणी बांधावरून खालच्यात पडतं. रंग निळा-हिरवा, बाटलीच्या काचेसारखा. ज्यांनी फक्त माळरानाचे फोटो पाहिलेत त्यांना हा स्पेन वाटतच नाही.

'डॉन किहोते' ही कादंबरी लिहिणाऱ्या सर्व्हान्तेसने तिच्या 1615 च्या दुसऱ्या भागात नायक डॉन किहोतेला इथल्याच मोन्तेसिनोसच्या गुहेत दोराने उतरवलं. वर आल्यावर तो सांगतो की जादूगार मर्लिनने रुइदेरा नावाच्या बाईला, तिच्या मुलींना आणि भाच्यांना तळी करून टाकलं आणि ग्वादियाना नावाच्या सेवकाची नदी केली. दुःखाने ती नदी जमिनीत शिरते आणि अधूनमधून तोंड वर काढते. ही निव्वळ कल्पना नव्हती. रोमन लेखक थोरला प्लिनी यानेही या नदीच्या लपाछपीबद्दल लिहून ठेवलंय. स्पॅनिशमध्ये आजही मधूनच गायब होऊन मधूनच उगवणाऱ्या माणसाला 'ग्वादियानासारखा' म्हणतात. भूगर्भतज्ज्ञ मात्र सांगतात की रुइदेराहून मुरलेलं पाणी सरळ बोगद्यातून 'डोळ्यां'पाशी निघत नव्हतं, तो सगळा भूजलाचा साठाच ओसंडत होता.

चालायला सगळ्यात सोपा भाग म्हणजे रुइदेरा गावापासून 'एल उन्दिमिएन्तो' धबधब्यापर्यंतचा, अगदी थोडक्यात. जास्त हवं असेल तर वरच्या तळ्यांच्या कडेने सान पेद्रोपर्यंत आणि तिथून गुहेकडे. गुहेत टॉर्च आणि चांगले बूट हवेत, आतला दगड ओला असतो. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी मात्र रुइदेराला जाऊ नका. निम्मं माद्रिद टायर आणि टरबुजं घेऊन तिथे पोहायला आलेलं असतं.

वाटेवरच्या रंगीत पट्ट्यांचा अर्थ काय?

पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पन्नास किलोमीटरच्या वर. पांढरा-पिवळा मध्यम, पांढरा-हिरवा दहा किलोमीटरच्या आतली गावातली. दोन पट्ट्या एकमेकींना समांतर असल्या की सरळ चालत राहा, वळलेल्या असल्या की वळा, फुली असली की चुकलात. लांब वाटांपैकी इथली महत्त्वाची 'जीआर 114', म्हणजे ग्वादियानाकाठची नैसर्गिक वाट. रुइदेराच्या वरच्या अंगाला सुरू होऊन नदीच्या मुखाशी आयामोन्तेला संपते, एक हजार किलोमीटरहून जास्त. पूर्ण कुणी करा असं मी म्हणणार नाही. अर्गामासिया गावाच्या पुढे नदीचं पात्र नांगरून टाकल्यासारखं दिसतं आणि तासन् तास सावली नाही.

'कोतो प्रिवादो दे काथा' अशी पाटी आहे. पुढे जायचं की नाही?

ती खासगी शिकारीच्या राखीव जागेची पाटी. सार्वजनिक वाट तिथून जात असेल तर चालायला हरकत नसते, वाट सोडून रानात शिरू नका. शिकारीचा हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्या काळात शनिवार-रविवारी भडक रंगाचं जाकीट घाला आणि कुत्रे, गाड्या, बंदुका असा ताफा दिसला की मागे फिरा.

'कान्यादा रेआल' लिहिलेलं दिसलं तर मात्र निश्चिंत. हे मेंढपाळांचे जुने राजमार्ग. दहाव्या आल्फोन्सोने 1273 मध्ये मेंढपाळांच्या संघाला सनद दिली, आणि मोठ्या मार्गांची रुंदी कायद्याने ठरली ती नव्वद 'वारा', म्हणजे 75.22 मीटर. कळपांना दोन्ही बाजूंनी चरत जाता यावं म्हणून. आजही ती जमीन सार्वजनिक आहे, शेतकऱ्यांनी कुठे कुठे कडा खाल्ल्यात तो भाग वेगळा. पावसाळ्यानंतर वाड्यासह कोकणाकडे उतरणारे धनगर ज्यांनी पाहिलेत त्यांना समजवायची गरज नाही. कळपाबरोबर मोठा मास्तिन कुत्रा असतो. लांबून वळसा घाला, त्याच्या डोळ्यात डोळे घालू नका.

कधी जावं?

मार्च ते मे पहिली पसंती, ऑक्टोबर-नोव्हेंबर दुसरी. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज चाळिशी गाठतो आणि सावलीसाठी झाड शोधावं लागतं. नागपूरकर हसतील, पण इथे दुपारी चार वाजता ऊन सर्वांत कडक असतं आणि रात्री दहाला कुठे अंधारतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शून्याखाली. ऑक्टोबरच्या शेवटी आलात तर कोन्सुएग्रा गावाच्या बाजूला केशराची शेतं फुललेली असतात. फूल जांभळं, पहाटे उमलल्या उमलल्या खुडायचं आणि त्याच दिवशी त्यातले तीन लाल तंतू हाताने वेगळे करायचे. म्हाताऱ्या बायका टेबलाभोवती बसून हे करतात आणि गप्पा एका क्षणासाठी थांबत नाहीत.

गाडी लागेलच का?

हो. माद्रिदहून थिउदाद रेआलला वेगवान गाडी तासाभरात पोचते, पण तिथून उद्यानापर्यंत सार्वजनिक वाहन नाही. दाइमिएल ते उद्यान दहाएक किलोमीटर, त्यासाठी टॅक्सी मिळते. भारतातलं लायसन्स असेल तर निघण्यापूर्वी आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. इथे आल्यावर तो मिळत नाही. आणि गाडी उजव्या बाजूने, हे शेताच्या कच्च्या रस्त्यावर हमखास विसरायला होतं.

व्हिसा?

शेंगेन. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. उन्हाळी सुट्टीच्या वेळी भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

उपास पडत नाही, पण जागरूक राहावं लागतं. 'सिन कार्ने' म्हणजे 'मांस नको' एवढंच म्हटलंत तर वर हॅमचे तुकडे येऊ शकतात. हॅमला मांस कोण म्हणतं! 'नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो' असं तिन्ही मोजून सांगा. 'पिस्तो' मागवा. टोमॅटो, ढोबळी मिरची, दुधीच्या जातीची भाजी, तेलात सावकाश शिजवलेली. वर बहुधा अंडं घालतात, नको असेल तर सांगा. 'आसादियो' ही भाजलेल्या लाल मिरच्यांची थंड भाजी, तीत जिरं असतं आणि पहिल्या घासाला घरची आठवण येते. मांचेगो चीज मेंढीच्या दुधाचं.

आल्माग्रोची वांगी तर चुकवूच नका. लिंबाएवढी हिरवी वांगी, देठासकट, व्हिनेगर, लसूण, जिरं, लाल मिरचीपूड घालून मुरवलेली. बडीशेपेच्या काडीने टोचून ठेवतात. भरल्या वांग्याचं लोणचं केलं असतं तर असंच लागलं असतं. आल्माग्रोला गेलात की 1628 चं नाट्यगृह 'कोर्राल दे कोमेदियास' पाहा. वाड्याचा चौक असावा तसं, वर उघडं आकाश, लाल गेरूने रंगवलेले लाकडी सज्जे. जुलैमध्ये तिथे अजूनही नाटकं होतात.

आणि 'गाचास'. हे शाकाहारी नाही, डुकराची चरबी असते, पण पीठ कशाचं ते ऐका. 'आल्मोर्ता'. म्हणजे लाख, लाखोळी. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत पेरतात तीच. दुष्काळात दुसरं काही न पिकता ही पिकते, आणि महिनोन् महिने नुसती हीच खाल्ली तर पाय अधू होतात. स्पेनमध्ये यादवी युद्धानंतरच्या उपासमारीत हे घडलं, आपल्याकडेही घडलंय. स्पेनने 1967 च्या अन्नसंहितेत तिला माणसांसाठी मनाई केली, भारतात विक्रीबंदी त्याआधीच आली होती. मनाई असतानाही मांचातल्या घरांत थंडीच्या दिवसांत गाचास शिजतच राहिलं. आता अधूनमधून खाण्याला आडकाठी नाही. एका गावात आजीबाईंना मी सांगितलं की माझ्या देशातही ही डाळ आहे आणि तिच्यावरून असाच वाद आहे. त्यांनी झारा खाली ठेवला, मला नीट पाहिलं आणि म्हणाल्या, 'म्हणजे तुम्हीही भूक पाहिलेली दिसते.'

एकटी बाई गेली तर?

मी जाते. अडचण माणसांची नाही, एकांताची आहे. घोटा मुरगळला तर दोन तास कुणी फिरकणार नाही. कुठल्या वाटेने चाललाय ते मुक्कामी सांगून निघा. आणीबाणीचा क्रमांक 112.

ड्रोन उडवता येईल?

राष्ट्रीय उद्यानात नाही.

फक्त एक दिवस आहे. काय करू?

सकाळी उजाडता उजाडता इस्ला देल पान. दहा वाजता दाइमिएलमध्ये कॉफी. मोतियाची नोंदणी मिळाली असेल तर ती, नाहीतर कालात्रावा ला विएहा, पण दोनच्या आत. आल्माग्रोला तीन वाजता जेवण, कारण त्याआधी तिथे कुणी जेवत नाही आणि चारनंतर स्वयंपाकघर बंद. संध्याकाळी नावासेकाच्या पश्चिमेच्या खोपीत जाऊन बसा, ऊन पाठीशी येईल अशा बेताने. सोबत स्वेटर ठेवा, मे महिना असला तरी.